चालत्या माणसाच्या वेगाने : फ्रान्समधली पहिली हॉटेल बार्ज सहल कशी आखावी

गोव्याच्या माणसासमोर ‘बार्ज’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे मांडवीतून खनिज वाहून नेणारं लांबलचक, तांबडं झालेलं धूड येतं. पुण्याच्या माणसासमोर ‘कालवा’ म्हटलं की त्याला खडकवासल्याहून येणारा मुठा कालवा आठवतो. त्यामुळे ‘आम्ही फ्रान्समध्ये कालव्यावर बार्जमध्ये आठवडाभर राहून आलो’ असं सांगितल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आमच्या वन्सं तर म्हणाल्या, ‘एवढे पैसे खर्चून कालव्यात कशाला?’ पुढच्या खेपेला त्या स्वतःच आमच्याबरोबर आल्या, ती गोष्ट वेगळी.

खरं तर गोव्याचा माणूस फारसा चुकत नाही. आजच्या बऱ्याच हॉटेल बार्ज एके काळी मालवाहूच होत्या. कोळसा, धान्य, वाळू, लाकूड वाहणाऱ्या. फ्रेंच लोक त्यांना ‘पेनिश’ म्हणतात. रेल्वे आणि ट्रक आल्यावर हा धंदा बसला. मग काही हौशी लोकांनी मालाच्या कोठीत खोल्या काढल्या, वर दिवाणखाना केला, एक आचारी ठेवला आणि पाहुणे घ्यायला सुरुवात केली. केरळात भात वाहणाऱ्या केट्टुवल्लमची हाऊसबोट झाली, तोच प्रकार. फरक एवढाच की केरळात आपण बहुधा एक रात्र राहतो आणि इथे सहा.

या लेखात मी मुख्यतः फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या कालव्याबद्दल लिहिणार आहे. मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो आणि नवख्यांसाठी तोच सोपा आहे. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनावरून टीजीव्ही या वेगवान गाडीने बर्गंडीचं मुख्य शहर दिजाँ दीडएक तासावर आहे आणि मुंबईहून पॅरिसला थेट विमान मिळतं.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा

तुम्हाला किती बघायचं आहे? हा प्रश्न मी चेष्टेने विचारत नाही. दहा दिवसांत सात देश करून आलेल्या माणसाला ही सहल शिक्षा वाटू शकते. बर्गंडी कालव्यावर एस्कोमपासून दिजाँपर्यंतचा टप्पा हा एका आठवड्याचा ठरलेला मार्ग. अंतर जेमतेम पन्नासेक किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळा गाठायच्या आतच तुमचा आठवडा संपतो. या टप्प्यात पन्नासहून अधिक लॉक लागतात, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाज्यांचे हौद. कालव्यावरची वेगमर्यादा ताशी ६ किलोमीटर. त्यापेक्षा जोरात बोट नेली तर तिच्या लाटांनी मातीचे काठ ढासळतात. लॉकमध्ये जाणारा वेळ धरला, तर काठाने चालणारा माणूस बोटीला सहज मागे टाकतो.

ज्याला हे वाचून कंटाळा आला त्याने इथेच थांबावं. ज्याच्या मनात ‘मग मी उतरून चालू शकेन का?’ असं आलं, त्याने पुढे वाचावं. कारण या सहलीचं सगळं मर्म त्या उतरण्यात आहे. एका लॉकला उतरायचं, काठाने चालायचं किंवा सायकल मारायची आणि दोन-तीन लॉक सोडून पुन्हा चढायचं. बोट कुठे जात नाही. चुकामूक व्हायची म्हटली तरी होत नाही.

कोणत्या प्रकारची बोट?

इथे नवखे लोक हमखास गोंधळतात. ऱ्हाइन किंवा डॅन्यूबवरच्या क्रूझ वेगळ्या. ती शंभर-सव्वाशे मीटर लांबीची जहाजं असतात, त्यांवर दीडशे माणसं असतात आणि ती मोठ्या नद्यांवरच चालतात. हॉटेल बार्जवर साधारण सहा ते बारा पाहुणे असतात आणि त्यांच्यासाठी चार ते सहा जणांचा कर्मचारीवर्ग: कप्तान, खलाशी, आचारी, खोल्या आणि टेबल बघणारी एक-दोन माणसं, कधी वेगळा मार्गदर्शक. जेवणखाण, वाइन, मिनीबसमधून रोजची भटकंती, सायकली हे सगळं भाड्यात येतं. विमान, विमा आणि बक्षिसी येत नाही.

भाडं ऐकून आधी बसून घ्या. दोघांच्या खोलीत माणशी चार हजार युरोंच्या खाली सहा रात्री फारशा मिळत नाहीत. सहा-सात हजार युरो नेहमीचे आहेत आणि आलिशान बोटींचा आकडा त्याच्याही वर जातो. एकट्या माणसाला जादा आकार पडतो.

हे परवडत नसेल तर तीन वाटा आहेत. पहिली, वीस-बावीस पाहुण्यांच्या थोड्या मोठ्या बार्ज. खोल्या साध्या, पण दर बरेच कमी. दुसरी, ‘बाइक अँड बार्ज’. दिवसभर तुम्ही सायकलवर, रात्री बोटीवर. हॉलंड आणि बेल्जियममध्ये हे फार चालतं आणि गुडघे चांगले असतील तर पैसा वसूल होतो. तिसरी, स्वतः चालवायची भाड्याची बोट. फ्रान्समध्ये त्यासाठी परवाना लागत नाही. कंपनीवाले तासाभराचं शिक्षण देऊन तेवढ्या दिवसांपुरतं एक कार्ड हातात ठेवतात. चार-सहा तरुण मंडळी असतील तर मजा येते. मात्र पहिल्याच सहलीला, साठीच्या आसपास, दोर ओढत लॉकच्या निसरड्या कडेवर उभं राहायची हौस मला तरी नाही.

आठ-दहा जणांचं कुटुंब किंवा मित्रमंडळ असेल तर अख्खी बोट घ्यायचा विचार करा. माणशी हिशेब फार वाढत नाही, काही वेळा कमीही होतो. जेवणाचा बेत, फिरायचा कार्यक्रम, उठायची वेळ सगळं आपल्या हातात येतं. आणि रात्री डेकवर मराठीत भांडता येतं.

कालवा निवडा, मग बोट

लोक बोटीचे फोटो बघून आरक्षण करतात. उलटं करा. कालव्याच्या मापावरून बोटीचं माप ठरतं आणि बोटीच्या मापावरून तुमच्या खोलीचं.

१८७९ साली फ्रान्सचे बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी कायदा करून मुख्य कालव्यांच्या लॉकचं माप ठरवून टाकलं: ३९ मीटर लांब, ५.२० मीटर रुंद. त्यात बसावी म्हणून पेनिश साडेअडतीस मीटर लांब आणि ५.०५ मीटर रुंद झाली. म्हणजे लॉकमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार बोटं जागा उरते. हे कप्तान रोज पन्नास वेळा करत असल्यासारखा करतो, एका हातात कॉफी धरून. पहिल्या दिवशी आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. तिसऱ्या दिवशी कोणी वर बघितलंही नाही.

बर्गंडी कालवा या मापाचा आहे. लांबी २४२ किलोमीटर, लॉक १८९, योन नदीकाठच्या मिजेनपासून सोन नदीकाठच्या साँ-जाँ-द-लोनपर्यंत. तो १८३२ साली पूर्ण झाला आणि १८५१मध्ये पॅरिसहून दिजाँला रेल्वे पोचली. एवढा खटाटोप करून बांधलेल्या कालव्याला वीस वर्षंही निर्वेध मिळाली नाहीत. त्यामुळेच तो आज इतका शांत आहे. सगळ्यात उंच टप्पा पुयी-आँ-ओस्वापाशी, ३७८ मीटरवर आणि तिथे डोंगराच्या पोटातून सव्वातीन किलोमीटरहून लांब बोगदा जातो. या माथ्याला पाणी पुरवण्यासाठी आसपास धरणं बांधली आहेत, पाँतिए, शाझिई, ग्रोबुआ वगैरे. लॉक उघडला की माथ्यावरचं थोडं पाणी खाली जातं आणि परत येत नाही. पंप नाही, काही नाही. पावसाळ्यात साठवलेलं पाणी उन्हाळ्यात पायरी-पायरीने खर्च करायचं, हा हिशेब आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

दुसरा प्रसिद्ध कालवा दक्षिणेतला, कनाल द्यु मिदी. त्याच्या जन्माची कथा मात्र बर्गंडीपेक्षा कितीतरी रंगतदार. पिएर-पोल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी. चौदाव्या लुईच्या काळात, १६६६मध्ये, त्याने तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे २४० किलोमीटरचा कालवा काढायचं काम हाती घेतलं. माथ्यावर पाणी कुठून आणायचं, हाच सगळ्यांचा अडलेला प्रश्न होता. त्याने ‘काळा डोंगर’ नावाच्या रांगेतले ओढे अडवून साँ-फेरेओलचं धरण बांधलं आणि ते पाणी नोरूझच्या खिंडीत आणून सोडलं. एका वेळी बारा हजारांपर्यंत मजूर कामावर होते, त्यांत बायकाही होत्या. रिकेने स्वतःची मालमत्ता त्यात घातली, कर्ज काढलं आणि १६८०मध्ये, कालवा उघडायच्या काही महिने आधी, तो गेला. १६८१मध्ये कालवा सुरू झाला, १९९६मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला.

आता प्रवाशाच्या दृष्टीने. मिदीच्या जुन्या लॉकची लांबी तीसेक मीटरच आहे आणि त्यांचा आकार लंबगोल. सुरुवातीच्या एका सरळ भिंतींच्या लॉकची पडझड झाल्यावर रिकेने भिंती कमानीसारख्या बाहेर फुगवल्या. साडेअडतीस मीटरची पेनिश तिथे मावत नाही, म्हणून मिदीवरच्या हॉटेल बार्ज लहान, खोल्याही लहान. बेझिएजवळची फोंसेरानची लॉकची जिनावजा रांग बघण्यासारखी आहे. मात्र जुन्या फोटोंतली प्लेन (चिनारच्या जातीच्या) झाडांची गर्द कमान डोक्यात ठेवून जाऊ नका. २००६पासून एका बुरशीच्या रोगाने काठावरच्या ४२,००० झाडांपैकी हजारो तोडावी लागली आहेत. नवी लावली आहेत, पण सावली यायला वेळ आहे. उन्हाळ्यात तिथे कडक ऊन असतं.

ज्यांना इंग्रजीचा आधार हवा त्यांना स्कॉटलंडचा कॅलेडोनियन कालवा किंवा आयर्लंडची शॅनन नदीही आहे. फक्त लक्षात ठेवा, ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत. व्हिसा वेगळा.

केव्हा जायचं?

हंगाम एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. हिवाळ्यात कालवे दुरुस्तीसाठी बंद असतात, काही टप्प्यांतलं पाणीही सोडून देतात. माझी शिफारस मे-अखेर ते जून. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, शेतं हिरवी असतात आणि पाणी भरपूर. सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी चालते, तेही छान. जुलै-ऑगस्ट मी टाळते. गर्दी असते, उकडतं आणि पाणी कमी पडायची भीती असते. २०२२च्या दुष्काळात फ्रान्समधल्या काही कालव्यांवर वाहतूक थांबवावी लागली होती. अशा वेळी बोट दुसऱ्या कालव्यावर नेतात किंवा एकाच जागी बांधून ठेवून मिनीबसने फिरवतात. करारात याबद्दल काय लिहिलंय ते आरक्षणाआधी वाचा, नंतर नाही. १ मेला लॉक बंद असतात, ही तारीख तुमच्या आठवड्यात येत असेल तर त्या दिवसाचं काय, तेही विचारून घ्या.

पैसे आणि व्हिसा यांची गाठ

व्यवहार साधारण असा चालतो: आरक्षणाला पाव रक्कम, उरलेली निघायच्या तीनेक महिने आधी. शेंगेन व्हिसासाठी अर्ज सहा महिन्यांच्या आत करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे सगळे पैसे भरायची तारीख येईपर्यंत व्हिसा हातात असावा, असं गणित जुळवा. मार्च ते जून या काळात अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते, त्यामुळे खिडकी उघडल्या-उघडल्या अर्ज टाका. नियमाप्रमाणे शेवटची मुदत प्रवासाआधी १५ दिवस आहे, पण त्या मुदतीवर कोणी विसंबू नये.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोंचा. मी त्यावर रद्द झालेल्या सहलीचं संरक्षणही घेते, कारण इथे एकरकमी मोठे पैसे अडकतात.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. व्हिसाच्या अर्जात प्रत्येक रात्रीचा पत्ता लागतो आणि तुमच्या सहा रात्रींचा पत्ता म्हणजे पाण्यावर हळूहळू सरकणारी वस्तू. आमच्या पहिल्या अर्जाच्या वेळी खिडकीवरच्या मुलीने दोनदा विचारलं, ‘मॅडम, हॉटेलचं नाव?’ बोटीचं नाव सांगितलं तर, ‘शहर?’ तेव्हा बोटवाल्यांकडून सुरुवातीलाच पत्र मागवा. त्यात सगळ्या प्रवाशांची नावं, चढायची-उतरायची जागा आणि तारीख, रोज रात्री बोट कुठे बांधली जाईल त्या गावांची यादी आणि पूर्ण पैसे मिळाल्याची नोंद असावी. ते पत्र जोडल्यावर दुसऱ्या खेपेला कोणी काही विचारलं नाही.

परदेशी पैसे पाठवताना बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा होणारा कर) कापू शकते. पावती जपून ठेवा आणि रिटर्न भरताना तो वळता करून घ्या.

जेवणाचा अर्ज: इथे आळस करू नका

आरक्षणानंतर बोटीकडून एक लांब प्रश्नपत्रिका येते. काय खाता, काय पिता, अ‍ॅलर्जी, वाढदिवस. आपल्याकडचे लोक ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहून मोकळे होतात. आम्हीही तेच केलं आणि पहिल्या रात्री वन्संपुढे सुंदर सजवलेला मासा आला. आचाऱ्याच्या हिशेबात मासा म्हणजे मांस नव्हे. त्याचा चेहरा इतका पडला की शेवटी वन्संनाच त्याची समजूत काढावी लागली.

तेव्हा तपशीलवार लिहा. मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. सूपमध्ये आणि भातात कोंबडीचा किंवा हाडांचा रस्सा नको. जिलेटिन नको. अंडं चालतं की नाही, ते स्पष्ट लिहा, कारण फ्रेंच गोड पदार्थांतून अंडं काढलं तर फारसं काही उरत नाही. गोमांस खात नसाल तर ते वेगळं लिहा, बर्गंडीची सगळ्यात प्रसिद्ध डिश त्याचीच आहे. आणि चीज. रोज रात्री चीजचं ताट फिरतं आणि त्याची माहिती सांगणं हा तिथला सोहळा असतो. पण एप्वास, काँते अशी पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. कडक शाकाहारी असाल तर वनस्पतिजन्य रेनेटची चीज आधी सांगून मागवावी लागतात. जैन जेवण हवं असेल तर अख्खी बोट घेणं आणि आचाऱ्याशी महिनाभर आधी पत्रव्यवहार करणं, याशिवाय उपाय नाही. कांदा, लसूण आणि लीक काढून स्वयंपाक करा म्हटल्यावर फ्रेंच आचारी आधी थोडा वेळ गप्प बसतो.

हे सगळं नीट कळवलं तर मात्र काही कमी पडत नाही. बोटीच्या आचाऱ्याला गावचा बाजार हाताशी असतो. चीजचे गरम गुझेर, शतावरी, ताज्या मटाराचं सूप, मशरूमचे दहा प्रकार. चौथ्या दिवशी तिखटाची आठवण येते, तेव्हा पिशवीतली चटणी काढा.

त्या पिशवीबद्दल: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, आम्रखंड नाही. ताजी फळंभाजीही बहुतेक बंद आहे, अपवाद पाचच फळांचा: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. नारळ न्यायला हरकत नाही, पण ओल्या खोबऱ्याच्या वडीत दूध घातलं असेल तर हरकत आहे. सुकी लसणीची चटणी, दाण्याची चटणी, मेतकूट, चहा, एवढं पुरे. तुपातल्या लाडवांवरून विमानतळावर अधिकाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा ते निघायच्या आदल्या रात्री संपवा.

सामान

मऊ, घडी होणारी बॅग. मोठी कडक सुटकेस खोलीत ठेवायला जागाच नसते. बोटीवर जाताना एक लहान बॅग न्या आणि मोठी पॅरिसच्या हॉटेलात ठेवून जा. रबरी तळाचे बूट, पातळ रेनकोट, संध्याकाळसाठी शाल किंवा स्वेटर (जूनमध्येसुद्धा), टोपी. रात्रीच्या जेवणाला जरा बरे कपडे, पण कोट-टाय कोणी मागत नाही. वन्सं रोज साडी नेसायच्या आणि लॉकवरचे लोक त्यांचा फोटो मागायचे. आपल्या दोन गोल पिनांचा चार्जर तिथे चालतो, तीन पिनांना अ‍ॅडॉप्टर लागतो. वायफाय दऱ्याखोऱ्यांत येतं-जातं.

गुडघे दुखत असतील तर आरक्षणाआधीच खोलीकडे जाणारा जिना किती उभा आहे ते विचारा. खोल्या खालच्या मजल्यावर असतात, खिडक्या जवळपास पाण्याच्या पातळीला आणि लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते. बदकं सकाळी खिडकीतून बघून जातात.

बोटीवरचा दिवस

पॅरिस किंवा दिजाँमध्ये एक दिवस आधी पोचा. रविवारी दुपारी ठरलेल्या हॉटेलातून मिनीबस उचलते. बोटीवर शॅम्पेनचा किंवा किरचा पेला देऊन स्वागत होतं. किर म्हणजे पांढऱ्या वाइनमध्ये काळ्या बेदाण्यासारख्या कासिस फळाचं लिकर. दिजाँचे महापौर कॅनन फेलिक्स किर हे पाहुण्यांना तेच पाजायचे, म्हणून नाव पडलं. वाइन पीत नसाल तर संकोच नको, सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा रस मागा.

सकाळी पाव आणायला कोणीतरी सायकलवर गावात जातं. तुम्हीही जा. लॉक साधारण नऊला उघडतात आणि दुपारी बारा ते एक लॉकवाल्याची जेवायची सुट्टी असते. तुमची बोट राजाची असली तरी लॉक एकला उघडतो. म्हणून तुमचंही जेवण तेव्हाच. दुपारी फिरणं. संध्याकाळी सातनंतर बोट झाडाखाली बांधलेली असते आणि रात्री ती हलत नाही. बोट लागणाऱ्यांनी निश्चिंत असावं, इथे लाटच नाही.

आता लॉक. मराठी पुस्तकांत ‘जलपाश’ असा शब्द आहे, तिथे मात्र ‘एक्लुझ’ आणि तो चालवणारा ‘एक्लुझिए’. दोन टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद, एवढंच. खाली जायचं असेल तर बोट भरलेल्या हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, पुढच्या दरवाज्यातल्या झडपा उघडतात, पाणी उतरतं आणि बोटही अडीचेक मीटर उतरते. मग पुढचा दरवाजा उघडतो. दहा-पंधरा मिनिटं. दरवाज्याच्या दोन फळ्या वरच्या पाण्याच्या दिशेला टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरतो. बर्गंडीवर बऱ्याच लॉकचे दरवाजे अजून हाताने फिरवतात. एकच एक्लुझिए स्कूटरवरून किंवा छोट्या गाडीतून तुमच्या पुढे-पुढे जात एकेक लॉक तयार ठेवतो. त्याला दांडा ढकलायला मदत केलेली आवडते, पण आधी विचारा.

चार नियम मनावर घ्या. लॉकची भिंत आणि बोट यांच्या मध्ये हात-पाय घालून बोट ढकलायला जाऊ नका. ती शेकडो टनांची वस्तू आहे. ताणलेल्या दोराच्या वेटोळ्यात उभं राहू नका. उतरायचं तर खलाशाने सांगितल्यावर. आणि पूल आला की कप्तान ओरडतो, तेव्हा फोटो सोडा आणि डोकं खाली करा. काही पूल इतके बुटके आहेत की सुकाणूची खोलीही वरून दुमडावी लागते.

प्रत्येक लॉकपाशी पूर्वीच्या लॉकवाल्याचं लहानसं घर आहे. घरावर पाटी असते: लॉकचा नंबर, नाव, मागचं आणि पुढचं लॉक किती मीटरवर. हीच पाटी तुमचं घड्याळ. पुढचं लॉक ४०० मीटरवर असेल तर चालत जा, दोन किलोमीटर असेल तर सायकल काढा. नंबर एस्कोमला १पासून सुरू होतात आणि दिजाँकडे वाढत जातात, त्यामुळे ‘तेविसाला भेटू’ एवढं सांगून उतरायचं. काठाची वाट पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांची आणि माणसांची होती, म्हणून ती सपाट आहे. सायकल न चालवलेल्यांनीही वीस वर्षांनी पुन्हा सुरुवात करावी अशी. उजवीकडून चालवा आणि पाण्याकडे बघत बघत चालवू नका.

दुपारच्या फेऱ्यांत वाँदनेसच्या वर टेकडीवरचं शातोनफ येतं. तिथला किल्ला कालव्यावरून दोन दिवस वेगवेगळ्या कोनांतून दिसत राहतो, इतका की शेवटी सिंहगडासारखा ओळखीचा होतो. बोनचं ओस्पिस चुकवू नका. १४४३मध्ये निकोला रोलां या श्रीमंत अधिकाऱ्याने गरिबांसाठी स्थापन केलेलं हे रुग्णालय, रंगीत कौलांची नक्षी असलेलं. रुग्णालयाच्या नावे दिलेल्या द्राक्षमळ्यांच्या वाइनचा लिलाव आजही नोव्हेंबरात होतो. वाइनच्या मळ्यांत मार्गदर्शक अर्धा तास मातीवर बोलेल. ऐका. दोन बांधांच्या मध्ये चव आणि किंमत कशी बदलते ते हापूस खाणाऱ्याला लगेच पटतं.

दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणा, मग काय हवं ते सांगा. हे एवढं केलं नाही तर फ्रेंच लोक उद्धट आहेत असं वाटायला लागतं. गावात रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरंच काही बंद असतं.

शेवटची सकाळ

शुक्रवारी रात्री बक्षिसीचं पाकीट तयार ठेवा. भाड्याच्या पाच ते दहा टक्के असा रिवाज आहे, रोख, युरोंत, कप्तानाच्या हाती. तो सगळ्यांत वाटतो. ही रक्कम सुरुवातीपासून खर्चात धरा, नाहीतर शेवटच्या रात्री नवरा-बायकोत कुजबुज सुरू होते.

शनिवारी नऊच्या सुमारास उतरवतात. पॅरिसची गाडी दुपारची घ्या, कारण शनिवारी दिजाँचा मोठा बाजार असतो आणि तिथे दोन तास सहज जातात. नोत्र-दाम चर्चच्या भिंतीवर एक छोटं दगडी घुबड आहे, लोकांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेलं. डाव्या हाताने घासून इच्छा मागायची पद्धत आहे. मग मोहरी घ्या, मध-मसाले घातलेला केकसारखा पाव, पँ देपिस, घ्या. मोहरीच्या बरण्या मात्र मोठ्या बॅगेत टाका. विमानतळाच्या हिशेबात मोहरी हा द्रवपदार्थ आहे आणि शंभर मिलिलिटरच्या वरची बरणी हातातल्या पिशवीत सापडली की ती तिथेच राहते. आमच्या दोन राहिल्या आहेत.